घटाच्या दिवशी उघडलेला लॅपटॉप

९ सप्टेंबर, मंगळवार

आला एकदाचा लॅपटॉप. कुरिअरवाला मढपर्यंत यायला तयार नाही, ओतूरला येऊन घेऊन जा म्हणाला. गेले. येताना एसटीला ही गर्दी, खिडकीतून पावसाची झड आत. खोक्यावर पदर घातला, स्वतः चिंब. कंडक्टर म्हणाला, "ताई, टीव्ही हाये काय?" म्हटलं, नाही, नोकरी आहे.

दारातच आत्यांनी अडवलं. लग्न झाल्यापासून सासूला आत्या म्हणते, आणि त्या हक्कही सख्ख्या आत्यासारखाच गाजवतात. "उघडू नको. पित्रं बसल्यात." म्हटलं, आत्या, ही काय साडी आहे का? तर म्हणाल्या, "अनिलची पयली पित्रं हाईत रेखे." झालं. नवऱ्याचं, अ.चं, नाव काढलं की माझं तोंड बंद होतं, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे.

चिडले होते. पण भांडून काय मिळणार? काम २९ तारखेपासून आहे, घटस्थापना त्याच्या कितीतरी आधी. घट बसले की उघडू. आत्यांनी खोका धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवला. वर तुळशीचं पान. मला हसू आलं, मग रडू आलं. अ.ची पिकअप विकून त्यातून घेतलाय तो. ती गाडी तरी रोज सुरू व्हायची.

११ सप्टेंबर, गुरुवार

अ.ची भरणी घातली. वर्षाच्या आत गेलेल्याची भरणी घालतात, भटजींनीच सांगितलं. खीर, वडे, अळू, भोपळा, गवार, आमसुलाची चटणी. आत्यांनी पहाटेपासून मला चुलीला हात लावू दिला नाही. घास ठेवला. कावळा येईना. आत्या कौलाकडे बघत नुसत्या उभ्या. शेवटी म्हणाल्या, "रेखाला सांभाळते मी, ये आता." आणि आला मेला लगेच! मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

जेवणं झाल्यावर संतोष भावजींनी विषय काढलाच. माझा धाकटा दीर, मंचरला फ्लॅट आहे, माणूस वाईट नाही. म्हणाले, "वहिनी, आई किती दिवस इथं पावसात राहणार? तिला मी मंचरला नेतो. तुम्ही आण्याला भावाकडं जा. घर बंद ठेवू." सगळं कसं सोपं! मी जुन्नर तालुक्याच्या त्या टोकाला पठारावर, आत्या मंचरला तिसऱ्या मजल्यावर, आणि हे घर उंदरांना.

मी नोकरीचं सांगितलं. पुण्याच्या ऑफिसचं काम, घरबसल्या. कानाला लावून ऐकायचं आणि मराठीत टाइप करायचं. टायपिंगची परीक्षा पास आहे मी, जुन्नरला कोर्टाजवळच्या दुकानात दोन वर्षं बोटं झिजवलीत. भावजी हसले नाहीत, पण सीमा, माझी जाऊबाई, हसली. भावजी म्हणाले, "चांगलंय. दसऱ्यापर्यंत काम सुरू झालं तर राहा दोघी. नाही झालं तर मग माझं ऐका." आत्या मध्येच म्हणाल्या, "व्हनार. न व्हायला काय झालं?"

म्हणजे ठरलं. दसरा.

मूल नाही, नवरा नाही, तर ही इथे कशाला, असं सगळ्यांच्याच मनात असतं. कोणी बोलत नाही एवढंच. आत्या कशाला हव्यात मला, हेही कोणाला कळत नाही. मलाही नीट सांगता येत नाही. भांडायला माणूस लागतं घरात.

१७ सप्टेंबर, बुधवार

वायफायवाला पोरगा येऊन डबी बसवून गेला. हिरवा दिवा लागतो. आत्यांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "ह्याला वीज लई लागती का?" डबी चालू, लाइन चालू, फक्त लॅ. टॉवेलात. कपाटाकडे बघत भाकऱ्या थापते. हळूच खोका उघडून बघावा असं रोज वाटतं. आत्या दुपारी झोपतात तेव्हा सहज जमेल. पण नको. उद्या काही वाईट झालं तर आयुष्यभर ऐकावं लागेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मोबाइलवर मेसेज: वस्तू परत करायची किंवा बदलून हवी असेल तर आज शेवटचा दिवस. परत कशाला करू? पुसून टाकला.

ऑफिसातल्या मॅडमचा फोन. गोड बोलतात. शनिवारी २७ ला लॅ.ची तपासणी, म्हणजे कॅमेरा, आवाज, सगळं त्या तिकडून बघणार. सोमवारी ट्रेनिंग सुरू. मी म्हटलं सगळं रेडी आहे मॅडम. रेडी! कपाटावर तुळशीच्या पानाखाली.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

घट बसवले. मग खोका खाली उतरवला. आत्यांनी पाटावर ठेवून हळदीकुंकू, अक्षता, उदबत्ती. नारळ मी बाहेर पायरीवर फोडायला लावला, म्हटलं पाणी उडायला नको. एवढी अक्कल मला होती.

बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. आत्या म्हणाल्या, "जरा जोरात दाब." चार्जर लावला. बाजूला बारीक पांढरा दिवा लागला, दोनदा लुकलुकला, आतून पंखा फिरल्यासारखा आवाज आला. जीव भांड्यात पडला. आणि बंद. पडदा काळाच. त्यात आमची दोघींची तोंडं दिसत होती.

चार्जिंग नसेल म्हणून दुपारभर लावून ठेवला. मग दाबलं. दिवा, पंखा, बंद. परत. दिवा, पंखा, बंद. आत्या पाटाशेजारून हलल्या नाहीत, जेवल्या नाहीत. "नवं हाये, लाजतंय," म्हणाल्या. मी हसले नाही.

संध्याकाळी लाइट गेली. बरंच झालं, बटण दाबायचं बंद झालं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ज्यांच्याकडून मागवला त्यांना फोन. अर्धा तास गाणं ऐकवलं, मग एक मुलगा आला लाइनवर, हिंदीत. बटण तीस सेकंद दाबून धरा. धरलं. चार्जर काढून धरा. धरलं. बोट दुखायला लागलं. मग म्हणाला, मॅडम, वस्तू पहिल्यापासूनच खराब आली आहे, ताबडतोब बदलून मिळाली असती, पण मुदत शुक्रवारी संपली. मी म्हटलं, अहो, मी उघडलाच काल! तो म्हणाला, डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजतात, मॅडम. इतने दिन खोला क्यों नहीं?

काय सांगू? हिंदीत पितृपक्ष कसा सांगतात तेही मला येतं. पण सांगितलं असतं तर तो हसला असता, किंवा नसता हसला, आणि ते जास्त वाईट.

म्हटलं, घर में प्रॉब्लेम था.

आता वॉरंटीत दुरुस्ती. त्यांचा माणूस आमच्या पिनकोडला येत नाही. आमच्या पिनकोडला कोणीच येत नाही, फक्त पाऊस येतो. मंचरला त्यांचं एक काउंटर आहे, तिथे नेऊन द्या, पुढे पुण्याला जाईल. किती दिवस? सांगता येत नाही मॅडम.

आत्या पलीकडे तांदूळ निवडत होत्या. विचारलं, "काय म्हनला?" मी म्हटलं, काही नाही. बघू.

शुक्रवारचा मेसेज. तोच मेसेज. स्वतःच्या हातानं पुसला मी. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

२४ सप्टेंबर, बुधवार

काउंटरला दिला की गेला किती दिवसांसाठी कोण जाणे. त्याआधी नारायणगावात दाखवून बघू म्हटलं. आत्याही निघाल्या. नको म्हटलं तरी पिशवी घेऊन एसटीत माझ्या आधी चढल्या.

दुरुस्तीवाल्याने दुसरा पडदा जोडून बघितला. त्याच्यावरही काळोख. उलटा करून स्क्रूवरचं स्टिकर दाखवलं. "ताई, हे फोडलं तर वॉरंटी गेली. मी हात लावत न्हाई. पण बोर्ड गेलाय असं वाटतंय राव, कंपनीतूनच." आत्यांनी विचारलं, "म्हंजी कंदी बिघडलं व्हतं?" तो म्हणाला, "पयल्यापासूनच, मावशी. आल्या दिवशी उघडलं असतं तर तवाच कळलं असतं."

दुकानाबाहेर आल्यावर आत्या म्हणाल्या, ओझरला जाऊ. मी म्हटलं, आत्या, माझ्यात आता त्राण नाही. "विघ्नहर हाये तो. इथवर आलो आन् त्याला न सांगता जायचं?" गेलो. देवळाच्या दारात पहारेकऱ्याने बॅग बाहेर ठेवायला सांगितली. आत्या त्याच्याशी ही हुज्जत! "आरं बाबा, तिच्यासाठीच तर आलोय! बॅगंलाच दर्शन पायजे!" मागे रांग खोळंबलेली, लोक हसतायत. मी लाजेने अर्धी. शेवटी मी बॅग घेऊन बाहेर बसले आणि आत्या एकट्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या, डोळे लाल. प्रसादाचा कण बॅगेच्या चेनवर ठेवायला निघाल्या. मी हात धरला. म्हटलं, मुंग्या लागतील.

उगाच म्हटलं. ठेवला असता तर काय बिघडलं असतं? बिघडायचं काही उरलंय का?

२५ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमना फोन करून खरं सांगितलं. म्हणजे अर्धं खरं. लॅ. बंद आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, दुसरा आणा कोणाचा तरी, पण फार जुना चालणार नाही, आमचं सॉफ्टवेअर चढत नाही त्यावर. शनिवारी तपासणी झाली नाही तर या बॅचला नाव राहणार नाही. आवाज गोडच.

शाळेतल्या सरांकडे गेले. त्यांच्याकडे आहे एक. सर भले माणूस, लगेच काढून दिला. घरी आणून मॅडमनी पाठवलेली लिंक लावली. लाल अक्षरात नापास. त्यांचा लॅ. माझ्या लग्नाआधीचा असावा.

परत द्यायला गेले तर सरांची बायको म्हणाली, "आता तू आण्यालाच जाणार म्हणे?" कोणी सांगितलं हिला? गावात माझं सामान माझ्याआधी बांधून झालंय.

पाऊस थांबेना. भात आडवं पडायला लागलंय शेजाऱ्यांचं. कोणाला काय आणि कोणाला काय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज फार वाईट झालं. लिहू नये असं वाटतं.

ओतूरला दोन दुकानांत विचारलं, भाड्याने मिळेल का. नाही. मैत्रिणीला विचारलं, तिच्या नवऱ्याला ऑफिसने दिलाय, तो देता येत नाही. भिजून घरी आले तर आत्या लॅ. समोर बसलेल्या. पुन्हा पाटावर घेतलेला, भोवती रांगोळीची रेघ, आणि मिठा-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढत होत्या. मिठाचे खडे बटणांवर.

माझं टाळकंच फिरलं. ओरडले. काय वाट्टेल ते बोलले. अडाणीपणा पुरे करा म्हटलं. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी उघडू दिला असता तर दुसऱ्या दिवशी नवा आला असता. तुमच्या पित्रांनी माझी नोकरी खाल्ली. आणि मग, थांबायला हवं होतं तिथे थांबले नाही. म्हटलं, मेलेल्याला घास घालता आणि जिवंत माणसाच्या तोंडातला काढता.

आत्या उठल्या. मिठाचा एकेक खडा बोटाने टिपून मुठीत घेतला. चुलीत टाकला. तडतडला. "बरं," म्हणाल्या. एवढंच.

रात्रीचं जेवण झालं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

उठले तर आत्यांनी चहा करून ठेवलेला, दशमी बांधून ठेवलेली, मी मंचरला जाणार म्हणून. बोलणं नाही. मीही बोलले नाही. कशी सुरुवात करायची? सॉरी हा शब्द आमच्या घरात कोणी कोणाला कधी म्हटलेला नाही. अ. तर चुकला की भेळ आणायचा.

मंचरचं काउंटर म्हणजे मोबाइलच्या दुकानात एक टेबल. मुलीने लॅ. घेतला, उलटापालटा केला, मिठाचा एक कण निघाला फटीतून. "मॅडम, पाणी वगैरे सांडलंय का?" म्हटलं, नाही हो. तिने तसं लिहून घेतलं, पावती दिली. बोर्ड पुण्याहून येईल, आला की फोन करू. सोमवारी पाहिजे म्हटलं तर नुसती बघत राहिली.

तपासणीची वेळ होती तेव्हा मी मंचरच्या स्टँडवर पेरू खात बसले होते. मॅडमचा फोन वाजला. उचलला नाही. काय उचलायचं? कॅमेऱ्यात पेरू दाखवू?

भावजींचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

२८ सप्टेंबर, रविवार

मी गेले नाही, तर तेच आले. दुपारी गाडी दारात. मला वाटलं दसऱ्याआधीच घाई झाली यांना, भांडायला तयार झाले. तर भावजी म्हणाले, "आईनंच फोन केला काल. घेऊन जा म्हणाली."

आत्यांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. लुगडी, औषधाची डबी, अ.चा शाळेतला फोटो. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्यापायी सगळं आडून राह्यलंय. मी हितं नसले तर तिला कुटंबी जाता यील." मी म्हटलं, आत्या, असं नाही. "तसंच हाये." मी म्हटलं, मी रागात बोलले. त्या म्हणाल्या, "रागात खरंच बोलतं मानूस."

घट बसलेले आहेत घरात आणि घरची बाई बाहेर पडते, असं मी म्हणून बघितलं. वाटलं, याने तरी थांबतील. थबकल्या. उंबऱ्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तू घालशील पानी."

गाडी ओतूरच्या रस्त्याला वळेपर्यंत बघत होते. त्यांनी मागे बघितलं नाही. मान वळवली असती तर मी पळत गेले असते. खोटं. गेले नसते.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज ट्रेनिंग सुरू झालं. माझ्याशिवाय.

मॅडमचा मेसेज: पुढच्या बॅचला विचार करू. कधी ते लिहिलेलं नाही.

घटाला पाणी घातलं. अंकुर चांगले वर आलेत. कशाला?

जेवायला बसले, दोन ताटं घेतली. अ. गेल्यावरही असंच झालं होतं महिनाभर. तेव्हा आत्या काही न बोलता ते ताट उचलून त्यात मांजराला दूधभात घालायच्या. आज मांजरही नाही आलं.

माझा भाऊ आण्याहून फोनवर: "ये इकडं, काय ठेवलंय तिथं? दसरा झाल्यावर रविवारी न्यायला येतो." बरं म्हटलं. भांडायलाही कोणी नाही आता, बरं म्हणायची सवय लागेल.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

कोयता, विळा, कुऱ्हाड, पाटा-वरवंटा, अ.चे पाने आणि जॅक मांडून पूजा केली. ज्याच्यावर पोट चालतं ते पूजायचं. माझं पोट ज्याच्यावर चालणार ते मंचरला टेबलाखाली कुठेतरी पडलंय. हळदीकुंकवाचं बोट तसंच राहिलं, ते भिंतीला पुसलं. आत्यांनी बघितलं असतं तर आईमाई उद्धरली असती माझी.

काउंटरला फोन केला. "मॅडम, बोर्ड शिल्लक नाही. दिवाळीच्या आसपास." दिवाळीच्या आधी की नंतर? "आसपास."

फोन ठेवला आणि ओसरीवर बसून मोठ्याने रडले. लाज वाटली नाही. पावसाने ऐकू गेलं नसेल कोणाला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं द्यायला शेजारच्या दोघीतिघी आल्या. सगळ्या विचारतात आत्या कुठायत. दसऱ्याला मंचरला गेल्यात म्हटलं, जशा काही सहलीला गेल्यात.

संध्याकाळी आत्यांचा फोन आला. गेल्यापासून पहिला. आवाज एकदम हळू, बहुतेक बाथरूममध्ये जाऊन करत होत्या, नळाचा आवाज येत होता.

"घट हलवले का?"

हलवले.

"काय खाल्लंस?"

पुरणपोळी केली म्हटलं. केली नव्हती.

"सीमा लई जपती मला. पान्याचा पेला बी हातात देती. काय करू देत न्हाई. दिसभर टीव्हीसमोर बसवती. खाली माती न्हाई गं हितं कुटं." मग नुसता नळ. मग म्हणाल्या, "ते सुरू झालं का?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. नाही म्हटलं. दिवाळीपर्यंत नाही होणार. काम गेलं. भाऊ रविवारी न्यायला येतोय.

मी म्हटलं, आत्या, त्या दिवशी मी जे बोलले ना, ते... पुढचं निघेना. त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. परवा ये. मला न्यायला ये."

म्हटलं, भावजींना काय सांगू? ठरलं होतं आपलं, दसऱ्यापर्यंत काम नाही तर...

"तू ये फकस्त," म्हणाल्या आणि ठेवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर नुसता विचार. काय तोंडाने जाऊ? भावजी सरळ माणूस, सरळ विचारतील, वहिनी, काम कुठाय? त्यांच्या जागी मी असते तर मीही आईला पाठवली नसती, या पावसात, एका बेकार बाईच्या भरवशावर. ते चुकीचे आहेत असंही म्हणता येत नाही, तो खरा वैताग आहे.

भावाला फोन करून सांगितलं, रविवारी येऊ नको. का म्हणाला. माहीत नाही म्हटलं. तो चिडला. त्याचंही बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे, मीच तेवढी कशात बसत नाही.

घर झाडून घेतलं. आत्यांची गोधडी उन्हात टाकली, तासभर पडलं होतं ऊन.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळच्या एसटीने गेले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढता चढता तोंडात वाक्यं जुळवत होते. भावजी, मी लबाडी करणार नाही, काम गेलंय, पण. पणच्या पुढे काही सुचत नव्हतं.

दार भावजींनीच उघडलं. हसत. "या वहिनी! अभिनंदन! आई म्हणाली, सुरू झालं म्हणे मशीन. आणि कामही लागलं."

मी आत बघितलं. आत्या सोफ्यावर, पिशवी मांडीवर घेऊन, चपला घालूनच बसलेल्या. माझ्याकडे बघेनात. पिशवीच्या बंदाची गाठ सोडतायत, बांधतायत. देवाला सोवळ्याने हात लावणारी बाई, पित्रांत नवा रुमाल न काढणारी बाई, पोटच्या पोराला धडधडीत खोटं सांगून बसली होती. आणि चेहरा असा की जसं काही देवळात बसल्यात.

मी म्हटलं, हो. सुरू झालं.

सीमाने साखर ठेवली हातावर. ती गिळताना जो काही जीव गेला! भावजी खाली एसटीपर्यंत सोडायला आले, पिशवी त्यांनीच धरली. गाडी सुटता सुटता खिडकीतून म्हणाले, "परवा कोजागिरी. आम्ही सगळे येतो मढला. पोरांना काकूचं काम बघायचंय, कसं टाइप करते ते."

नारायणगाव गेलं, ओतूर आलं. डोंगर दिसायला लागल्यावर मी म्हटलं, आत्या, हे काय केलंत? त्या म्हणाल्या, "अनिलला शबुद दिला व्हता, कावळ्याच्या टायमाला. तू बी ऐकला व्हतास की." मग थोड्या वेळाने, "तू बोललीस ते खरं व्हतं. घास काढलाच मी." मी म्हटलं, नाही हो आत्या. त्यांनी माझ्या मांडीवर थापटलं, जोरात, लागलंच जरा.

घरी आल्या आल्या पदर खोचून सगळीकडे फिरल्या. गोधडी दमट आहे, चूल सारवलेली नाही, घटाची माती कुठे टाकलीस, तुळशीला पाणी का नाही. बोलणी खाल्ली सगळी. बरं वाटलं. त्याचा रागही आला.

मग मी म्हटलं, हे सगळं ठीक. परवा भावजी येणार, पोरं येणार. लॅ. मंचरला. दाखवायचं काय?

"लाइट न्हाई म्हनून सांगू. मढला लाइट नसती, ह्ये त्याला ठावं हाये."

आणि असली तर? परवा नेमकी असली तर?

आत्यांनी भिंतीवरच्या मीटरच्या डब्याकडे बोट केलं. "मेन बटण कुटं हाये, ते मला म्हाईतीये."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी, पोट दुखेपर्यंत. आत्या नाही हसल्या. त्या खालच्या फळीवर कंदील शोधत होत्या.

कोजागिरी निभेल. पण भावजी दिवाळीला पण येतील. बोर्ड आसपास येणार आहे, मॅडम पुढच्या बॅचला विचार करणार आहेत, आणि आमच्या दोघींचं राहणं एका डब्याच्या बटणावर...